बाराव्या घरापुढची सही

आमच्या कार क्लबात गुरुदत्त केंकरेंची सही झाल्याशिवाय कुणाची गाडी हंगामाच्या पहिल्या फेरीला निघत नसे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण केंकरे चौतीस वर्षं मॉन्ट्रियलच्या एका विमान कारखान्यात लँडिंग गिअर तपासत होते, आणि निवृत्तीनंतर तपासायला विमानं उरली नाहीत म्हणून आमच्या जुन्या गाड्यांकडे वळले. दर मे महिन्यात क्लिपबोर्ड घेऊन ते प्रत्येक गाडीखाली आडवे होत. सगळं ठीक असेल तर कागदावर बारीक अक्षरात 'गु. के.' आणि शेजारी वेळ. नसेल तर कागद कोरा परत. माझ्या नवऱ्याची, ईश्वरची, गाडी त्यांनी एका वर्षी ब्रेकच्या नळीवरून अडवली होती. ईश्वर आठवडाभर फुरंगटून बसला. मग नळी काढून पाहिली, तर आतून कुजलेली निघाली. तेव्हापासून आमच्या घरात केंकरेंच्या सहीबद्दल कुणी वाकडा शब्द काढला नाही.

ईश्वर २०१२ साली गेला. गाडी माझ्याकडे आली, गाडीबरोबर क्लब आला, आणि माझं फ्रेंच बरं म्हणून चिटणीसपदही गळ्यात पडलं. बत्तीस सभासदांत मराठी मी आणि केंकरे, दोघंच. बाकीचे मॉन्ट्रियलशेजारच्या लव्हालचे जुने फ्रेंच रहिवासी, केंकरेंना 'गुरू' म्हणणारे. बोलायला कमी, वागायला सरळ, मदतीला कधीही तयार असा हा माणूस. मलाही ते आवडत. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलणार नाही.

केंकरेंचं घर नदीकाठच्या एका आखूड रस्त्याच्या अगदी टोकाला. त्यांच्या तळघरात लव्हाल-मॉन्ट्रियलच्या मराठी मंडळींचं वाचनालय होतं आणि ते चित्राने, त्यांच्या बायकोने, उभं केलं होतं. चित्रा १९७१च्या डिसेंबरात इथे आली. नवरा सकाळी सहाला कामावर, बाहेर कमरेएवढा बर्फ, फ्रेंचचा गंध नाही. पहिले चार महिने तिने बरोबर आणलेली अकरा पुस्तकं आलटून पालटून वाचली. मला ती एकदा म्हणाली होती, "अरुणा, ती पुस्तकं नसती ना, तर मी त्या हिवाळ्यात वेडी झाले असते, आय मीन इट." पुढे कुणीही भारतात निघालं, की त्याच्या बॅगेत दोन किलो जागा चित्राची. पंचेचाळीस वर्षांत अकराची एकवीसशे झाली. प्रत्येकाला तपकिरी कागदाचं कव्हर, आत तिच्या हातचं कार्ड. महिन्यातून दोन रविवार लोक ऑटवाहूनसुद्धा यायचे. पुस्तकं तिच्या घरात असली, तरी ती सगळ्यांची होती, आणि चित्रा ते कधी विसरली नाही.

मे २०१७च्या पहिल्या आठवड्यात नदी चढली. वर बर्फ वितळत होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. रविवारी आमची हंगामाची पहिली फेरी ठरलेली. केंकरेंनी ठरवलं, की यंदा मिरवायचं नाही. गाड्या काढायच्या त्या मदत पोचवायला. पांघरुणं, डबाबंद अन्न, पाण्याच्या बाटल्या अशी यादी मी शुक्रवारी सगळ्यांना पाठवली. शनिवारी दुपारी पाणी केंकरेंच्या रस्त्यावर आलं, आणि वीज कंपनीने सुरक्षेसाठी त्या बारा घरांची वीज तोडली. वीज गेल्यावर तळघरांत झिरपणारं पाणी उपसणारे पंप बंद पडले. आता पांघरुणं घेऊन कोण काय करणार होतं?

तेव्हा केंकरेंना जे सुचलं ते फक्त आमच्यासारख्या खुळ्या मंडळींच्या क्लबालाच शक्य होतं. जुनी गाडी हिवाळ्यात झाकून ठेवायची, तर तिची बॅटरी काढून घरात आणावी लागते, नाहीतर थंडीने मरते. आठ गाड्या बाहेर निघाल्या होत्या. उरलेल्या चोवीस जणांच्या तळघरांत एकेक बॅटरी चार्जरला लावलेली, अगदी भरलेली, बसून होती. बोटीतलं पाणी उपसायचे छोटे पंप थेट अशा बॅटरीवर चालतात. तसे बारा पंप एका सभासदाच्या दुकानातून आले.

"एक बॅटरी अडीच तास चालेल," केंकरे शनिवारी संध्याकाळी आम्हाला सांगत होते. "तेवढ्यात दुसरी चार्ज होऊन आली पाहिजे. दर घराला दोन. एक खाली पंपावर, एक रेनाल्डच्या गॅरेजमध्ये. आठ गाड्यांनी नुसती ने-आण करायची. नो हीरोगिरी. पाण्यात कुणी गाडी घालायची नाही."

रेनाल्ड हा आमचा अध्यक्ष. गाड्यांचे पत्रे ठोकण्याचं आणि रंगवण्याचं त्याचं गॅरेज चार किलोमीटरवर, उंचावर. त्याने गॅरेज मुलावर सोपवलं आणि स्वतः रस्त्याच्या कोपऱ्यावर, पाणी सुरू होतं तिथे, तक्ता घेऊन उभा राहायचं कबूल केलं. तिथून पुढे पोंपिए, म्हणजे अग्निशामक दलाची माणसं, ॲल्युमिनियमच्या होडीतून बॅटऱ्या घरोघर नेणार. गणित चोख होतं. चोवीस बॅटऱ्या, बारा घरं.

रविवारी सकाळी सातला केंकरेंनी एकेक बॅटरी तपासली. दोन बाद झाल्या. उरल्या बावीस. मी तिथेच होते. त्यांनी क्षणभर त्या दोन बॅटऱ्यांकडे बघितलं आणि त्या बाजूला सरकवल्या. म्हटलं, "एका घराचं कसं करायचं?" ते म्हणाले, "बघतो मी." केंकरे बघतो म्हणाले की विषय संपला, असं आम्ही सगळेच मानत आलो होतो. मीही गाडी सुरू करून निघाले.

साडेआठपासून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. ईश्वरची बुटकी दोन सीटची गाडी, शेजारच्या सीटवर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली अठरा किलोची बॅटरी, काचेवर पाऊस. माझं वय अडुसष्ट. दर वळणाला वाटायचं, उशीर झाला तर कुणाचं तरी घर जाणार. कोपऱ्यावर रेनाल्ड बॅटरी उतरवून घ्यायचा, तक्त्यावर खूण करायचा, रिकामी झालेली माझ्याकडे द्यायचा. तक्त्यावर बारा ओळी होत्या. पंप बसवला, बॅटरी जोडली, चालू, आणि पुढे केंकरेंची सही. बारावी ओळ त्यांच्या स्वतःच्या घराची. तिथेही सही होती. मी ती बघितली आणि बरं वाटलं. म्हणजे या बाबांनी कुठून तरी जमवलं.

अकराच्या सुमाराला जरा उसंत मिळाली. सकाळपासून चित्राच्या पोटात काही गेलं नसणार म्हणून थर्मासमध्ये चहा आणि थोडे पोहे घेऊन मी होडीत बसले. पोंपिएंनी मला बारा नंबरच्या पायऱ्यांशी उतरवलं आणि ते पाच नंबरकडे वळले.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात जमिनीवर, ओट्यावर, स्टोव्हवर पुस्तकांचे ढीग. मी हाक मारली. खालून चित्राचा आवाज आला, "कोण, अरुणा? येताना हात रिकामे ठेव गं."

तळघराच्या जिन्यात मी थबकले. खाली गुडघ्याच्या वर पाणी होतं. गढूळ, थिजवणारं. चित्रा त्यात साडी खोचून, वर नवऱ्याचं जाकीट घालून उभी होती, आणि छातीशी सहा-सात पुस्तकं धरून जिन्याकडे येत होती. तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला. कोपऱ्यात नवा पंप पाण्याखाली पडला होता. त्याच्या दोन वायरी खिळ्याला नीट गुंडाळून टांगलेल्या, आणि त्यांच्या टोकाला काही नव्हतं.

"बॅटरी कुठेय?" मी विचारलं.

"येणार म्हणाले. नऊला म्हणाले, पुन्हा फोन केला तर म्हणाले, पाणी रेघेच्या वर येणार नाही, यू डोंट वरी." तिने भिंतीकडे मान वळवली. आधीच्या मालकाने १९७६च्या पुराची तांबडी रेघ तिथे काढून ठेवली होती. केंकरेंनी कपाटांचा सगळ्यात खालचा कप्पा त्या रेघेच्या वीतभर वर बसवला होता. रेघ आता दिसत नव्हती. खालचा कप्पा पाण्यात होता, आणि त्यातली दिवाळी अंकांची जाड बांधीव पुस्तकं फुगून एकमेकांत अडकली होती. ती जड म्हणून खाली ठेवलेली.

मी रेनाल्डला फोन लावला.

"बारा नंबरला बॅटरी पाठव. आत्ता."

"बारा?" कागद फडफडल्याचा आवाज आला. "बाराला पंप चालू आहे. आठ चाळीस. गुरूची सही आहे."

"रेनाल्ड, मी त्या तळघरात उभी आहे. पंपाला बॅटरीच नाही."

"मग तू दुसऱ्या घरात असशील. नंबर बघ."

"हे चित्राचं घर आहे. मी चित्राशी बोलतेय."

तो अवघडून म्हणाला, "पण अरुणा, गुरूची सही आहे."

माझ्या पायांत बर्फाचं पाणी, कानाशी फोन, आणि पलीकडे एक शहाणासुरता माणूस माझ्या डोळ्यांपेक्षा कागदावरच्या दोन अक्षरांवर विश्वास ठेवत होता. राग त्याचा आला नाही. मीही सकाळी त्याच अक्षरांवर विश्वास ठेवून निघाले होते. तेव्हा मला कळलं, केंकरेंनी काय केलं होतं ते. बावीस बॅटऱ्या अकरा घरांना पुरत होत्या. बारावं घर त्यांनी स्वतःचं धरलं, आणि 'माझ्या घराला नको' म्हटलं तर आम्ही ऐकणार नाही, वाद घालू, म्हणून सरळ 'चालू' लिहून टाकलं.

"सगळ्या बावीस कुठे कुठे आहेत?" मी विचारलं.

"अकरा पंपांवर, अकरा चार्जरवर. एक काढली तर एक घर बुडतं."

"आणि तुझ्या मागे आठ गाड्या उभ्या आहेत, त्यांत काय आहे?"

खरं सांगते, हे सकाळपासून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जुनी गाडी बाळगणारा माणूस चालत्या गाडीची बॅटरी काढायचा विचारच करत नाही. आणि आम्हाला तो करायला लावायचा, तर बॅटरी कमी पडते आहे हे कळायला हवं होतं.

"माझी काढ," मी म्हटलं. "ईश्वरच्या गाडीचं बॉनेट बाहेरूनच उघडतं, किल्ली लागत नाही. पान्हा डिकीत आहे."

"ईश्वरची गाडी?"

"रेनाल्ड, काढ."

होडी पाच नंबरला अडकली होती. तिथल्या एका म्हाताऱ्यांना खुर्चीसकट उतरवत होते. ती मोकळी व्हायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आम्ही दोघींनी जेवढं आणता आलं तेवढं वर आणलं. तीन पुस्तकं डाव्या हातात, तीन उजव्या, तेरा पायऱ्या. दुसऱ्या कप्प्याला पाणी लागलं तेव्हा चित्रा क्षणभर नुसती बघत राहिली. मग तिने तो कप्पा सोडून दिला आणि तिसऱ्याला हात घातला. मी म्हटलं, "अगं, यातली वरची कोरडी आहेत अजून." ती म्हणाली, "ती काढेपर्यंत तिसरा जाईल." तिच्या तोंडून एवढं एकच वाक्य त्या वेळात निघालं. तिच्या मागे पाण्यात तपकिरी कव्हरं तरंगत होती आणि तिच्या हातच्या कार्डांवरची निळी शाई उतरत होती. मी रडत होते. ती रडत नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

रेनाल्ड स्वतः होडीतून आला. मांडीवर बॅटरी, काखेत तक्ता. त्याने वायरी जोडल्या. पंप गुरगुरला आणि खिडकीबाहेर टाकलेल्या नळीतून पाणी पडायला लागलं. दहा मिनिटं आम्ही तिघं तिसऱ्या कप्प्याच्या कडेकडे टक लावून बघत होतो. पाणी तिथवर आलं नाही. बोटभर खाली थांबलं.

वर येऊन मी चित्राला टॉवेल दिला. तिचे ओठ निळे पडले होते. रेनाल्डने दारात उभं राहून तिची माफी मागितली. म्हणाला, "मादाम, मला माहीत असतं तर मी माझ्या ट्रकची बॅटरी सकाळीच दिली असती. पण हे बघा." आणि आपली चूक नव्हती हे दाखवायला त्याने तक्ता तिच्यासमोर धरला. चित्राने चष्मा लावला, शेवटची ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि तक्ता ठेवून घेतला. रेनाल्ड तक्त्याचा फोटो काढून कोपऱ्यावर परतला.

दुपारी दोनला पोंपिएंचे मोठे पंप आले. आमची अकराही तळघरं वाचली होती. केंकरे तीनला घरी आले, कमरेपर्यंत रबरी विजार, चेहऱ्यावर थकवा आणि त्याखाली लपवलेलं समाधान. ते मला दिसलं आणि माझं डोकं फिरलं. लोक आजही त्यांच्या त्या दिवसाला त्याग म्हणतात. मी अहंकार म्हणते. 'संयोजकाने आधी स्वतःचं घर बघितलं' एवढं एक वाक्य कुणी म्हणू नये, यासाठी हा माणूस दुसऱ्याची गोष्ट देऊन बसला.

चित्रा टेबलाशी बसली होती. तिने तक्ता त्यांच्याकडे फिरवला.

"ही सही तुमची?"

केंकरेंनी पाहिलं. "हो."

"आठ चाळीसला पंप चालू होता?"

"चित्रा, मला वाटलं पाणी रेघेच्या वर..."

"पंप चालू होता का?"

"नाही."

"चौतीस वर्षांत खोटी सही केली होतीत कधी?"

"नाही."

"माझ्या घरापुढे केलीत."

केंकरे उभेच होते. विजारीतून पाणी गळत होतं. ते म्हणाले, "मी आयोजक. आपल्या घराला बॅटरी आणि दुसऱ्याच्या घराला नाही, हे मला कसं जमलं असतं? पुस्तकं आपण पुन्हा आणू."

"आपल्या घराला नकोच होती," चित्रा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "घर तुमचं आहे, बुडवा. पुस्तकं तुमची नव्हती. माझीही नव्हती. लोकांनी माझ्या भरवशावर ठेवली होती. आणि मला खरं सांगितलं असतंत, तर सकाळी सातपासून मी ती वर नेली असती. सगळी नेली असती. तुम्ही मला बॅटरी येणार म्हणून सांगितलंत."

ते खुर्चीत बसले. मला त्यांची दयाही आली. चित्राला आली की नाही, ते मला सांगता येत नाही.

ती उठली आणि वाचनालयाच्या सभासदांची वही घेऊन आली. त्रेसष्ट नावं, पुढे फोन नंबर.

"फोन लावा. एकेकाला. सहाशे पुस्तकं गेली हे तुम्ही सांगायचं. का गेली तेही तुम्हीच सांगायचं. स्पीकरवर."

केंकरेंनी पहिला नंबर फिरवला. मग दुसरा. प्रत्येक फोननंतर चित्रा वहीत त्या नावापुढे खूण करत होती. वाक्य तेच होतं, "पंप चालू नव्हता, मी चालू आहे असं लिहिलं." कुणी हळहळलं, कुणी लगेच फोन ठेवला. मी निघायला हवं होतं, पण माझी गाडी बॅटरीशिवाय कोपऱ्यावर उभी होती, आणि पाय निघतही नव्हता.

चौथा फोन भाऊसाहेबांना होता, इथल्या मराठी मंडळाच्या जुन्या अध्यक्षांना. त्यांना बातमी आधीच लागली होती. ते मोठ्या प्रेमाने बोलले. "अहो केंकरे, अकरा घरं वाचवलीत, स्वतःचं जाऊ दिलंत. वी आर सो प्राउड. पुस्तकांचं काय मोठंसं? असा त्याग कोण करतो आजकाल?"

केंकरेंचे खांदे किंचित सैल झाले. सकाळपासून कुणीतरी हे म्हणावं म्हणून ते थांबले होते, असं मला वाटलं. ते म्हणाले, "नाही हो, माझं कर्तव्यच..."

चित्राने टेबलावरून हात पुढे केला आणि फोन आपल्याकडे ओढला.

"भाऊसाहेब, मी चित्रा. यांनी तुम्हाला नीट सांगितलं नाही वाटतं." तिने फोन परत नवऱ्यापुढे सरकवला. "पहिल्यापासून सांगा."

केंकरेंनी डोळे तक्त्यावर ठेवले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. चित्राने वहीत भाऊसाहेबांच्या नावापुढे अजून खूण केली नव्हती. पेन्सिल हातात धरून ती ऐकत होती.